बावीस नावं, तेवीस माणसं

मोजायची खोड मला वडिलांकडून आली. ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात तोलणार होते. तोलणार म्हणजे शेतकऱ्याचं धान्य काट्यावर घालून वजन सांगणारा माणूस. विकणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचाही नाही, काट्याचा. सकाळी धायरीहून सायकलवर निघताना ते शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली ठेवत, एक मोडली तर दुसरी. संध्याकाळी परत आले की अंगाला गूळ, मिरची आणि तागाची पोती यांचा मिळून एक वास असे. आमच्या घरामागं तेव्हा ज्वारीचं रान होतं. आज तिथं अकरा मजल्यांच्या चार इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीत, सहाव्या मजल्यावर, मी राहतो. खळं कुठं होतं ते मला गॅलरीतून बोटानं दाखवता येतं, पण मुलगी म्हणते, "बाबा, तिथं पार्किंग आहे." तिचंही बरोबर आहे.

त्या खळ्यावर सुगीत वडील आणि चुलते धान्य मापायला बसत. वडील पायली भरून पोत्यात ओतत आणि पहिल्या पायलीला म्हणत, "लाभ." मग दोन, तीन, चार. मी सहा-सात वर्षांचा असेन. माझा जीव त्या पहिल्या पायलीत अडकला. वडिलांना मी दादा म्हणत असे.

"दादा, एक कुठं गेला?"

"कुठं जातोय? पोत्यात हाय की."

"मग त्याला एक का म्हणत नाही?"

"पहिल्या मापाला आकडा लावत न्हाईत," वडील पायली उपडी करत म्हणाले. "आकडा न्हाई, पर माप हाय. बेरजेला धरायचं."

चुलते म्हणाले, "ह्ये पोरगं मामलेदार हुणार बघ. आत्ताच जाब इचारतंय."

मामलेदार काही झालो नाही, पण मोजत राहिलो. शाळेच्या पायऱ्या, विठ्ठलवाडीपर्यंतचे विजेचे खांब, आईनं थापलेल्या भाकरी. भाकरी मोजलेल्या आईला चालत नसत. "जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू ने रं. अंगी लागत न्हाईत," असं म्हणून ती दुरडीवर फडकं टाकी. मी फडक्याच्या उंचीवरून अंदाज करी. चुलीवरच्या भाकरीचा तो पापुद्रा फुगल्याचा हलका आवाज मला मोजायला पुरत असे. आई एकीकडे थापत असे आणि मी पलीकडे पुस्तकावर मान घालून आवाज धरत असे. तिला ते माहीत होतं, असं आता वाटतं.

पुढची गोष्ट सांगायला मला बरं वाटत नाही, पण ती सांगितल्याशिवाय बाकीचं समजणार नाही. मी आठवी-नववीत असताना खानेसुमारीला एक गुरुजी घरी आले. वडील यार्डात गेलेले. आई उंबऱ्याच्या आत बसली, गुरुजी ओट्यावर, मी दारात. नाव, वय, शिक्षण झालं. मग गुरुजींनी विचारलं, "मुलं किती झाली?"

आई म्हणाली, "तीन."

मी लगेच म्हणालो, "दोन. मी आणि धाकटा." वर रेशनकार्ड आणून दाखवलं.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती आणि बारशाच्या आतच गेली होती, हे मला चुलतीकडून ऐकून माहीत होतं. पण तिला नाव नव्हतं, तिचा फोटो नव्हता, रेशनकार्डावर ती नव्हती. माझ्या हिशोबी मी आईची चूक दुरुस्त करत होतो. गुरुजींना अजून वीस घरं करायची होती. त्यांनी कार्ड पाहिलं आणि आईला विचारलं, "दोनच ना?" आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग म्हणाली, "लिव्हा दोन." त्या दिवशी तिनं दुपारचा चहा केला नाही, एवढंच माझ्या लक्षात राहिलं, आणि तेही चहा हवा होता म्हणून.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी जपानी शिकायला लागलो. यात संस्कृतीचं प्रेम वगैरे नव्हतं. जपानी येणाऱ्याला नोकरी मिळते, असं एका मित्रानं सांगितलं होतं, आणि पुण्यात जेवढे लोक जपानी शिकतात तेवढे दुसरीकडे शिकत नाहीत, अशी तेव्हाही ख्याती होती. टिळक रस्त्याजवळच्या एका शाळेत संध्याकाळी वर्ग भरे. परांजपे बाई शिकवत. साठीच्या, सुती नऊवारीतल्या, आणि विद्यार्थ्याला कायम 'आपण' म्हणणाऱ्या. "जपानी ही नम्र माणसांची भाषा आहे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पुण्यात ती शिकवताना मला काय सोसावं लागतं याची आपल्याला कल्पना येईलच."

पुणे आणि ओकायामा या दोन शहरांची तेव्हा नवी मैत्री होती. (सिंहगड रस्त्यावरची जपानी बाग त्या मैत्रीतूनच पुढं झाली. मी तिथं रविवारी फिरायला जातो.) ओकायामाच्या काही कुटुंबांनी पुण्यातल्या सहा विद्यार्थ्यांना दोन आठवडे घरी ठेवून घ्यायचं ठरवलं. माझी निवड झाली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. बाई म्हणाल्या, "आपला उच्चार भयंकर आहे. पण एकशे चार तासांपैकी एकशे चार तास हजर असलेले आपण एकटेच."

घरी सांगितलं. वडील सायकलची चेन पुसत राहिले. म्हणजे ते खूश होते. आईला चुलत्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की लढाईत त्या गावावर विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले आणि अख्खं गाव एका रात्रीत जळलं.

"मग तिथं ऱ्हायला हाय का कोण?" आईनं विचारलं.

"अगं, पन्नास वर्षं झाली त्याला."

"पन्नास वर्षांत काय हुतंय," ती म्हणाली आणि मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळ्या असं पाच किलो तीनशे ग्रॅम सामान तिनं बांधून दिलं. वजन वडिलांनी केलं.

मीही पडक्या भिंती पाहायला मिळतील अशाच कल्पनेनं गेलो होतो, हे कबूल करतो. ट्रामच्या खिडकीतून पाहिलं ते वेगळंच. रस्ते आमच्या लक्ष्मी रस्त्याच्या चौपट रुंद, सरळ, आणि दोन्ही कडांना झाडं. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो ते हिराई-सान शेजारी उभे होते. 'सान' म्हणजे आपल्यातलं 'राव'. साठीला आलेले, निवृत्त शाळामास्तर, कोरडा आवाज. मी म्हणालो, "रस्ते फार रुंद आहेत."

"हो," ते म्हणाले. "आखणाऱ्यांच्या वाटेत एकही घर नव्हतं."

पुण्यात वाढलेल्या माणसाला ही बोलण्याची तऱ्हा परकी नव्हती. पहिल्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांनी मला नदीकाठचा काळा किल्ला दाखवला. तोही त्या रात्री जळाला. नंतर तसाच सिमेंटमध्ये पुन्हा बांधला. बाहेरून किल्ला, आत लिफ्ट. कोपऱ्यावरचा एक लहान बुरूज मात्र जुना, वाचलेला. मी म्हणालो, आमच्याकडे सिंहगडाला लिफ्ट लावली असती तर माझी आई रोज दही विकायला गेली असती. हिराई-सानना ते समजवायला माझं सगळं व्याकरण खर्ची पडलं, पण ते हसले.

घरात तिघंच. हिराई-सान, त्यांच्या पत्नी, आणि बँकेत नोकरी करणारी मुलगी मिचिको. मी पत्नीला काकू म्हणू लागलो. त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी तेच नाव ठेवलं, आणि दोन आठवडे त्या घरात "काकू" अशी हाक ऐकू येई, मिचिकोसुद्धा तशीच मारी. काकूंना मेतकूट एवढं आवडलं की रोज सकाळी त्या वाटीभर भातावर ते घेत. एकदा त्यांनी नुसत्या भाताचं दिसणारं एक मोठं लाकडी ताट पुढं ठेवलं. मी घास घेतला, तर खाली मासे, अंडं, शेंगा, सगळं दडवलेलं. जुन्या काळी तिथल्या राजानं जेवणात एकच पदार्थ हवा असा हुकूम काढला होता, म्हणून लोकांनी बाकीचे भाताखाली लपवले, असं मिचिकोनं सांगितलं. हे लोक आपल्यातलेच आहेत, याची मला त्या जेवणात खात्री पटली.

जेवायच्या खोलीत एका बुटक्या टेबलावर हिराई-साननी स्वतः काढलेला एक नकाशा होता. त्यांच्या लहानपणच्या गल्लीचा, आग लागण्याच्या आदल्या दिवशी ती जशी होती तसा. सतरा घरं. हौद, तांदळाचं दुकान, एक पर्सिमनचं झाड. प्रत्येक घराच्या चौकोनात तिथं राहणाऱ्यांची नावं, आणि जी माणसं त्या रात्री गेली त्यांच्या नावाशेजारी काळा ठिपका. ज्यांना आठवत होतं अशा प्रत्येकाकडे जाऊन, विचारून, त्यांनी हे काम तीन वर्षं केलं होतं. स्मृतिदिन चार दिवसांवर आला होता. आदल्या दिवशी हा नकाशा शहराच्या संग्रहासाठी द्यायचा, मग त्यात बदल नाही. सगळं शाईनं झालं होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात गेलेल्यांची बेरीज अजून पेन्सिलीत होती: २३.

नावं मला वाचता येत नव्हती. ठिपके मोजता येत होते. मी मोजले. पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. बावीस.

आता वाटतं, गप्प बसायला काय झालं होतं? पण यार्डात तोलणाऱ्यानं चूक पाहिली तर ती सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची असते. हळू आवाजात सांगितली तर तो एका बाजूला मिळाला असं धरतात. मी त्या शिस्तीत वाढलो होतो. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, "हिराई-सान, तुमच्या बेरजेत चूक आहे. नावं बावीस आहेत." आणि उठून, बोट ठेवून, मोजून दाखवले.

हिराई-साननी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, नकाशाजवळ आले आणि माझ्या बोटामागं डोळे फिरवत सगळे ठिपके पाहिले. मग मान लववून म्हणाले, "बरोबर आहे. आभारी आहे." त्यांनी रबर घेतलं, २३ खोडलं आणि २२ लिहिलं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी तर सगळी टेबलावरच होती. हेही माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी माझ्या वहीत 'आज नकाशातली चूक काढून दिली' असं लिहिलं. ती वही अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शहराबाहेर त्यांची पीचची लहानशी बाग होती, चाळीस झाडं. तिथं फळ लिंबाएवढं झालं की प्रत्येकाला कागदाची पिशवी बांधतात. एकेका फळाला, हातानं. बहुतेक झाडांचं झालं होतं, उशिराच्या जातीची पाच राहिली होती. मी आणि मिचिको एका झाडावर होतो, हिराई-सान बरेच लांब. पिशवीच्या कडेला बारीक तार असते, ती देठाला दुमडायची. मी मोजत होतो आणि मिचिको दोन शिड्यांमधल्या फांदीआडून मला म्हणाली, "काल तू मोजलंस ना. तुझं मोजणं चुकलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"बाबांचंही चुकलं नव्हतं."

मग तिनं सांगितलं. त्या आगीच्या रात्री हिराई-सान नऊ वर्षांचे होते. वडील सैन्यात. घरात आई आणि चार दिवसांची बहीण. त्यांच्याकडे सातव्या दिवशी मुलाचं नाव ठेवतात. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. जाग आली तेव्हा गल्लीचं टोक पेटलेलं होतं. आईनं बाळाला पाठीशी बांधलं, मुलाचा हात धरला आणि नदीकडे पळाली. नदीत उभं राहून सकाळ झाली. आईनं बाळाला सोडून पुढं घेतलं तेव्हा ते धुरानं गेलेलं होतं. जन्माची नोंद व्हायची होती, ती झाली नाही. म्हणून मरणाचीही झाली नाही. शहराच्या यादीत ती नाही, कुठल्याच कागदावर नाही. आई जाईपर्यंत तिच्याविषयी एक शब्द बोलली नाही.

"नाव नाही तर लिहिणार काय? म्हणून बाबांनी तिला फक्त बेरजेत धरलं होतं," मिचिको म्हणाली. "काल तू झोपल्यावर ते माझ्या आईला म्हणाले, नाव नसलेल्या माणसाला मोजायचं की नाही, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. बाहेरच्या मुलानं नुसतं पाहिलं आणि त्याला ती दिसली नाही. म्हणजे ती नसावी."

मी शिडीवर उभा होतो. हातात पिशवी होती. मला पहिल्यांदा हिराई-सानची आई दिसली नाही. माझी आई दिसली, उंबऱ्याच्या आत बसलेली, आणि माझ्या हातातलं रेशनकार्ड. एकाच चुकीसाठी माणूस दोन देशांत दोनदा लाजतो, असं सहसा होत नसेल.

माफी मागायला लागणारी जपानी वाक्यं परांजपे बाईंनी आमच्याकडून घोटून घेतली होती. अकरा प्रकारची. त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं, कारण माफी मागितली असती तर हिराई-साननी मान लववून ती घेतली असती आणि २२ तसंच राहिलं असतं. दुपारी बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही डबे उघडले. लवकरच्या जातीचे काढलेले पीच एका पाटीत होते. मी ती पाटी त्यांच्यासमोर ओढली आणि म्हणालो, "माझे वडील धान्य मोजतात. ते कसं मोजतात ते दाखवतो."

"दाखव," ते म्हणाले, मास्तरांच्या आवाजात.

मी एक पीच उचलून फळीवर ठेवला. "लाभ." दुसरा ठेवला. "दोन." मग तीन, चार, पाच. आकडे मी जपानीत म्हणत होतो, पहिला शब्द फक्त आपला.

"तो पहिला शब्द काय? एक?"

"नाही. एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला आमच्याकडे आकडा देत नाहीत. चांगलं होवो, भर पडो, असा तो शब्द आहे."

त्यांनी फळीकडे पाहिलं. "मग आकडा नसलेलं ते माप शेवटी धरता की सोडता?"

"धरतो. आकडा नाही, पण माप आहे. ते सोडलं तर सगळीच बेरीज चुकते." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "माझ्या वडिलांनी मला हे लहानपणी सांगितलं होतं. काल मी विसरलो. आमच्या घरीसुद्धा एकदा विसरलो होतो." आणि मोडक्यातोडक्या शब्दांत आईचं, गुरुजींचं सांगितलं. मिचिकोनं तीन ठिकाणी शब्द पुरवले. काकू डब्याचं झाकण हातात धरून बसल्या होत्या.

हिराई-साननी फळीवरचे पीच पुन्हा पाटीत ठेवले आणि स्वतः मोजायला घेतले. "राभु," ते म्हणाले. 'ल' त्यांना येत नव्हता. "दोन. तीन. चार. पाच." पाचवा हातात धरून मला म्हणाले, "तुझ्या वडिलांचा काटा बरोबर आहे."

घरी गेल्यावर त्यांनी हातही न धुता शाईची दौत घेतली. स्वतःच्या घराच्या चौकोनात, आईच्या नावाखाली, जिथं नाव यायचं तिथं एक लहान रिकामं वर्तुळ काढलं आणि शेजारी काळा ठिपका दिला. मग मला बोलावलं. "मोज."

मी मोजले. पहिल्यांदा त्या वर्तुळावर बोट ठेवलं. तेवीस. त्यांनी पेन्सिलीतलं २२ खोडलं आणि २३ लिहिलं, या वेळी शाईनं. काकूंनी मला विचारलं, रात्रीच्या भातात मटार घालू का, तुला आवडतात ना? आणि आत गेल्या. आतून नळाचा नाही, पळी-ताटांचा आवाज आला.

नकाशा देताना मी बरोबर गेलो होतो. तो घेणाऱ्या तरुण बाईंनी वर्तुळाकडे बोट दाखवून विचारलं, "इथं नाव राहिलंय का?" हिराई-सान म्हणाले, "राहिलेलं नाही. ते तसंच आहे. खाली बेरीज पाहा." बाईंनी ती पाहिली, ठिपके मोजले, आणि वाकून नमस्कार केला. मला वाटतं तो बेरजेला नसावा.

परत आल्यावर आईला लगेच काही सांगितलं नाही. सांगता आलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि मी समोर बसलो होतो. मी म्हणालो, "आई, माझ्या आधीची ती, तिचं बारसं झालं असतं तर नाव काय ठेवणार होतीस?"

तिचा हात परातीवर थांबला नाही. "ठरलं नव्हतं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "लई केस हुते तिला." भाकरी तव्यावर गेली, फुगली. मी तो आवाज मोजला नाही.

पुढच्या खानेसुमारीला मी नोकरीला लागलो होतो. रविवार होता. या वेळी एक शिक्षिका आल्या होत्या, ओट्यावर बसल्या; आई तिथंच, उंबऱ्याच्या आत. वडील अंगणात खाटेवर होते. नाव, वय, शिक्षण झालं. बाईंनी विचारलं, "मुलं किती झाली?"

आई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी म्हणालो, "आई सांगेल. लिहून घ्या."

"तीन," आई म्हणाली.

"हयात?"

"दोन." मग तिनं अंगणाकडे पाहिलं. "पर झाली तीन."

खाटेवरून वडील म्हणाले, "बरोबर हाय." बाईंनी दोन रकान्यांत दोन आकडे लिहिले. आई उठली आणि विचारता विचारता आत गेली, "च्या घेनार न्हवं, बाई? साखर किती?"